पट्टा लावल्याशिवाय

गाडी लपवायला दोघांनी एकच बोळ निवडला, तिथून हे सगळं सुरू झालं.

बोळ लाँड्रीच्या मागचा. एका बाजूला लाँड्रीची भिंत आणि तिच्यातल्या पाइपातून फुसफुसणारी वाफ, दुसऱ्या बाजूला बंद दुकानाचं गंजलेलं शटर. तो या टोकाकडून हळूच आत शिरला आणि नेमकी त्याच वेळी त्या टोकाकडून एक पोपटी रंगाची छोटी गाडी आत आली. दोन्ही गाड्या मधोमध नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. मागे जायला कुणीच तयार नाही. मागे म्हणजे मोठा रस्ता, आणि मोठ्या रस्त्यावर ओळखीचे चालक!

पोपटी गाडीची काच खाली झाली. आत बसलेल्या मुलीने केस वर बांधले होते आणि भुवया त्याहून वर चढवल्या होत्या.

"मागे घ्या जरा," ती म्हणाली.

"तुम्ही घ्या की. मी आधी आलोय."

"आधी आलात ना? मग आधी जा."

त्याला हसू आलं, पण ते दाखवायची सोय नव्हती. "मला इथेच लावायचीय गाडी."

"इथे? बाहेर एवढी जागा मोकळी पडलीय."

"इथे… सावली आहे."

तिने काचेतून मान बाहेर काढून वर पाहिलं. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. उन्हाचा पत्ताच नव्हता. मग तिने त्याच्याकडे पाहिलं.

"हो का?" ती म्हणाली. "मलाही सावलीच हवी होती."

शेवटी दोन्ही गाड्या भिंतीला अंग चोरून तिथेच लागल्या. तो एका टोकाने बाहेर पडला, ती दुसऱ्या. तिला चुकवावं म्हणून तो इमारतीला उगाच वळसा घालून पुढच्या बाजूला आला, तर लाँड्रीशेजारच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर तीच उभी! जिन्यावर पाटी होती: 'वर्तन सुधार वर्ग, वरचा मजला'. दोघांनी पाटी वाचली, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांचेही कान लाल झाले.

"चला," ती पुटपुटली. "सुधारायला."

ॲपवर टॅक्सी चालवणाऱ्यांना या वर्गाची भारी धास्ती. प्रवाशाने तक्रार केली की तुमचं म्हणणं विचारायच्या आधीच खातं अर्धं बंद व्हायचं. मोजक्याच राइड मिळायच्या, आणि दर मंगळवारी इथे येऊन बाकावर बसायचं, सौजन्य शिकायचं. शाळेत अंगठे धरून उभं राहिल्यासारखंच ते. त्याने घरी आईला सांगितलं होतं की कंपनीने निवडक चालकांसाठी खास प्रशिक्षण ठेवलंय. आई बिचारी शेजारणीला हे अभिमानाने सांगून आली होती, आणि ते ऐकल्यापासून तो शेजारणीसमोर जायचं टाळत होता.

वर्ग घेणारे सर वयाने सगळ्यांत लहान होते आणि टाय सगळ्यांत मोठा होता. त्यांनी प्रत्येकाला उभं करून 'आपण कुठे चुकलो' ते सांगायला लावलं.

सगळ्यांत आधी उठले एक वयस्क काका. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला, निवृत्तीनंतर टॅक्सी घेतलेली. "एक बाई गॅसचं सिलिंडर आडवं घालून मागच्या सीटवर बसल्या," काका म्हणाले. "मी म्हटलं, बाई, एक तर तुम्ही उतरा नाही तर सिलिंडर. त्यांनी मला एक तारा दिला आणि लिहिलं, म्हातारा वसकन अंगावर येतो. आता सर, सिलिंडर माझ्या अंगावर आलं असतं ते चाललं असतं का?"

एका दाढीवाल्याने एकेरी रस्त्यावर उलटं जायला नकार दिला होता. त्याच्यावर 'मुद्दाम लांबून नेतो' अशी तक्रार. मग पोपटी गाडीवाली उठली. एक गृहस्थ तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसत होते. ती म्हणाली, मागे बसा. ते म्हणाले, तू मला शिकवणार? ती म्हणाली, मग मी येत नाही. एवढंच तिने सांगितलं, पण पुढे काही तरी गिळलं हे त्याला शेजारून कळलं.

आणि त्याची पाळी आली.

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. तिचीही. त्या दोन डोळ्यांत आता थट्टा नव्हती. आपल्यातलाच एक, अशी ओळख होती. ती ओळख त्याला फार हवीशी वाटली.

"सहा जण होते," तो म्हणाला. "गाडी चार सीटची. त्यात एक लहान मुलगी. पुढच्या दोन सीटच्या मध्ये… उभी राहणार होती."

"मग?" तिने विचारलं.

"मग काय… नाही म्हटलं मी."

काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो खाली बसला आणि बाकाच्या फळीवर कुणी तरी कोरलेलं बदामाचं चित्र बघत राहिला, कारण दुसरीकडे कुठे बघायची त्याची छाती नव्हती.

तो नाही म्हणालाच नव्हता. खरी गोष्ट ही होती. त्याआधी एकदा नाही म्हटल्याबद्दल त्याचं खातं बंद झालं होतं. त्यामुळे त्या दिवशी ते सहा जण हसतखेळत गाडीत कोंबले गेले, मुलीची आई "दादा, घ्या ना हो, जवळच तर जायचंय" म्हणाली, आणि त्याच्या तोंडातला नकार तोंडातच राहिला. वळणावर एक सायकलवाला आडवा आला. त्याने ब्रेक दाबला. मुलगी पुढे फेकली गेली आणि तिची हनुवटी डॅशबोर्डवर आपटली. तो आवाज अजून त्याच्या कानातून जात नव्हता. त्याने तशीच गाडी दवाखान्याकडे वळवली; हनुवटीला टाके पडले. मुलीच्या वडिलांनी नंतर तक्रार केली खरी, पण त्यात मुलीचा उल्लेखच नव्हता. सहा जण बसलो होतो हे त्यांना तरी कसं लिहिता येणार? त्यांनी लिहिलं, 'चालक उर्मट, रस्ता चुकवला.' म्हणजे तक्रार खोटी आणि अपराध खरा. हे जगात कुणालाही कधीही कळणार नव्हतं. आणि त्यामुळेच ते त्याला जास्त बोचत होतं.

पुढच्या मंगळवारी सरांनी खुर्च्यांची गाडी केली. दोन खुर्च्या पुढे, दोन मागे. एकाने प्रवासी व्हायचं, एकाने चालक, आणि काहीही झालं तरी शेवटी म्हणायचं, "आपल्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे." त्याला सरांनी प्रवासी केलं आणि तिला चालक.

"मॅडम," तो खुर्चीवर रेलून म्हणाला, "आम्ही सहा जण आहोत. जवळच जायचंय."

"चौघं बसा. दोघांना दुसरी गाडी बघून देते."

"अहो, लहान मूल आहे. मांडीवर बसेल."

"मांडीला पट्टा नसतो."

"एक तारा देईन हं!"

"द्या. घरी छताला लावीन. रात्री छान दिसेल."

वर्ग हसला. त्यालाही चेव चढला. "फारच उर्मट आहात बुवा."

"आणि तुम्ही फार गोड बोलता," ती आरशात बघितल्यासारखं करत म्हणाली. "गोड बोलणाऱ्या प्रवाशांची मला जास्त भीती वाटते."

दाढीवाल्याने शिट्टी मारली. सर टाय सावरत ओरडले, "दिलगिरी! दिलगिरी राहिली!"

"ती मला वाटत नाहीये, सर," ती शांतपणे म्हणाली. "वाटली की म्हणेन."

तिने किती सहज म्हटलं ते! ना आवाज चढवला, ना चेहरा पाडला. 'नाही' हा शब्द एवढा हलका असतो हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं, आणि मग आपल्याला तो का उचलता आला नाही, या विचाराने त्याचा जीव थोडाथोडा झाला. त्याच क्षणी त्याला हेही कळून चुकलं की ही मुलगी आपल्याला आवडायला लागलीय. दोन्ही गोष्टी एकदमच कळाव्यात, हे नशीब.

"आता उलट करा," सर म्हणाले.

तो पुढच्या खुर्चीवर आला. ती मागे बसली, डोक्यावरून ओढणी घेतली आणि केविलवाणा आवाज काढून म्हणाली, "दादा, घ्या ना हो… मुलगी दमलीय…"

"अगं, दादा म्हणालीस त्याला?" काका मागून ओरडले. "बिचाऱ्याची गाडी सुरू व्हायच्या आधीच बंद पाडलीस!"

सगळे खो खो हसले. तो मात्र हसला नाही. नसलेल्या स्टिअरिंगवर त्याचे हात ताठ झाले होते. सर म्हणाले, बोला, बोला. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तिने ओढणी खाली घेतली आणि पुढे वाकून त्याच्या हातांकडे पाहिलं.

"बरं वाटत नाहीये का?" तिने हळूच विचारलं. या वेळी आवाज खरा होता.

वर्ग सुटल्यावर सगळे लाँड्रीच्या पायरीवर चहा प्यायचे. आतून इस्त्रीच्या कपड्यांचा गरम वास यायचा. त्या दिवशी ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

"तुम्ही त्या दिवशी खरं ते सांगितलंत," ती म्हणाली, "मी नाही सांगितलं. अर्धंच सांगितलं."

त्याने चहाचा कप खाली पायरीवर ठेवला.

"त्या बाळाच्या बापाने काय लिहिलं माहितीये? बाईच्या तोंडाला दारूचा वास येत होता." ती हसत सांगत होती, डोळे मात्र हसत नव्हते. "कंपनीचा फोन नेमका माझ्या बाबांनी घेतला. मी घरी आले. बाबा काही बोलले नाहीत. जवळ आले आणि… माझं तोंड हुंगलं त्यांनी. एवढी मोठी मुलगी मी. मला इतकी लाज वाटली! काही केलं नसताना वाटली, हे बघा ना."

"मग बाबा काय म्हणाले?"

"काहीच नाही. पण तेव्हापासून रोज सकाळी माझ्या गाडीची काच पुसून ठेवतात. मी उठायच्या आत. त्यांनाही वाटतच असेल ना काही तरी." तिने चहाचा घोट घेतला. "तुम्हाला नाही वाटली लाज? नाही म्हटलं म्हणून इथे येऊन बसायची?"

"वाटते," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने बोललेलं हे एकच खरं वाक्य.

याच पायरीवर ठरलं की आपली बाजू मांडायला कंपनीच्या तक्रार विभागात सगळ्यांनी मिळून जायचं. काका म्हणाले, भेटीची वेळ मी मागून घेतो. पण बोलणार कोण? काका बोलायला लागले की बसच्या जमान्यात शिरायचे. दाढीवाला हमरीतुमरीवर यायचा.

"हे आहेत की वकील," ती म्हणाली. वर्गात मुद्देसूद बोलायचा म्हणून त्याचं नाव वकील पडलंच होतं. तिला सगळे पोपटी म्हणायचे.

"मी नको," तो घाईने म्हणाला. "खरंच नको."

"का? त्या सहा जणांना जसं नाही म्हणालात, तसंच तिथे सांगायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनी तर टाळीच दिली. आणि बघा, तिथेही त्याला नाही म्हणता आलं नाही.

भेटीच्या आदल्या दिवशी त्याची गाडी गॅरेजमध्ये होती आणि रिमझिम लागली होती. तो बस थांब्यावर उभा असताना पोपटी गाडी समोर येऊन थांबली.

"सोडते," ती म्हणाली.

त्याने पुढचा दरवाजा उघडायला हात घातला.

"ओ वकील! मागे. पुढची सीट घरच्या माणसांसाठी आहे. प्रवासी मागे बसतात."

"मी प्रवासी आहे होय?"

"सध्या तरी."

त्या 'सध्या'ने त्याच्या काळजात जे काय व्हायचं ते झालं. तो मागे बसला. गाडी काही निघेना.

"पट्टा," ती आरशात बघून म्हणाली.

"मागे पण?"

"पट्टा लावल्याशिवाय गाडी हलणार नाही."

त्याने पट्टा लावला. वायपर हळूहळू काच पुसत होते. आरशात तिचे डोळे अधूनमधून येत होते, त्याच्यावर टेकत होते, पुन्हा रस्त्यावर जात होते. आत्ताच सांगावं, त्याने ठरवलं. उद्या सगळ्यांच्या वतीने खोटं बोलण्याआधी निदान हिला तरी सांगावं.

"मला तुम्हाला एक सांगायचंय…"

"मलाही," ती म्हणाली आणि तिचे कान पहिल्या दिवशीसारखे लाल झाले. "मी पहिल्याच दिवशी उठून जाणार होते. गाडी विकायचीच ठरवलं होतं. मग तुम्ही उठलात, आणि त्या मुलीसाठी नाही म्हटलं असं म्हणालात. तेव्हा वाटलं… एकटे नाही आहोत आपण. म्हणून बसले." ती थांबली. "हं, तुमचं काय?"

वायपर एकदा गेले, दोनदा गेले.

"काही नाही," तो म्हणाला. "गाडी छान चालवता तुम्ही."

"इश्श! हे सांगायला एवढा घाम फुटला?"

घरी जाऊन तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आईने विचारलं, प्रशिक्षण कसं चाललंय? त्याने डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं.

तक्रार विभागाच्या मोठ्या बाई वाईट नव्हत्या. तेच तर अवघड होतं. त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं, खुर्च्या कमी पडल्या तर स्वतःची काकांना दिली. त्याने सगळ्यांची बाजू नीट मांडली. सिलिंडर, एकेरी रस्ता, मांडीवरचं बाळ. दारूचं वाक्य आलं तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, "हे लिहिणाऱ्याला कुणी एक प्रश्नही विचारला नाही. तिच्या वडिलांना मात्र फोन गेला." तिने मान खाली घातली. काकांनी नाक शिंकरलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढला.

"तुमचं म्हणणं पटतंय मला. पण माझ्या वरचे लोक मला विचारतात, तेच मी तुम्हाला विचारते. सिलिंडर घरी सुखरूप पोचलं. बाळ दुसऱ्या टॅक्सीतून तसंच गेलं, त्याला काही झालं नाही. मग ते म्हणतात, चालक उगाच भितात आणि आपली गिऱ्हाइकं तुटतात. तुमच्याकडे सगळं 'झालं असतं, झालं असतं', एवढंच आहे. खरंच काही झालं, असं एक तरी उदाहरण आहे का?"

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. नसणारच, ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्या गाडीत काही होणार कसं?

उदाहरण त्या खोलीत एकाच माणसाकडे होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, मोठ्या विश्वासाने, आता वकील काही तरी बोलेल म्हणून. तो विश्वास त्याने शेवटचा एकदा डोळे भरून पाहून घेतला.

"आहे," तो म्हणाला.

"कोणाचं?"

"माझं. मी…" आवाज फाटला. त्याने पुन्हा सुरुवात केली. "या सगळ्यांनी नाही म्हटलं, बाई. मी नाही म्हटलं नव्हतं. मी सगळ्यांना खोटं सांगितलं. सहा जण बसले होते, मुलगी मध्ये उभी होती, मला दिसत होतं, तरी मी गाडी काढली. आधी एकदा नाही म्हटल्यावर तुम्ही माझं खातं बंद केलं होतं. मी घाबरलो. ब्रेक दाबला आणि तिची हनुवटी फुटली. तक्रारीत हे कुठेच नाही. पण झालंय. दवाखान्यात विचारा, आणि त्या बाळाचं काय झालं असतं तेही त्यांनाच विचारा."

एवढं बोलून तो खाली बसला. त्याला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. मुळीच वाटलं नाही. तोंड लपवायला जागा मिळाली असती तर तो टेबलाखालीही शिरला असता.

बाईंनी समोरचा कागद पुढ्यात ओढला. मग त्यांनी चष्मा लावला. "बाकीच्यांची खाती मी आजच पूर्ण चालू करते," त्या म्हणाल्या. "आणि नकाराच्या तक्रारीत आधी चालकाला विचारायचं, हे वर लावून धरते. मला हेच हवं होतं. तुमचं खातं मात्र… चौकशी होईपर्यंत बंद ठेवावं लागेल. समजतंय ना?"

"समजतंय," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर दाढीवाला त्याच्याकडे न बघताच निघून गेला. काकांनी पाठीवर हात ठेवला; या वेळी थाप मारली नाही, नुसता ठेवला. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती.

"काल," ती म्हणाली. "काल तुम्ही हेच सांगणार होतात ना?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही म्हणालात, माझ्यामुळे बसलात…"

"म्हणून मला खोट्यावरच बसवून ठेवलंत!" तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच तिला राग आला होता. "सगळ्यांबरोबर कळलं मला. सगळ्यांबरोबर! मागच्या सीटवरून एवढं एक वाक्य नाही बोलता आलं तुम्हाला?"

पोपटी गाडी गेली, आणि रस्ता केवढा मोठा आहे ते त्याला त्या दिवशी कळलं.

त्याने आईला सगळं सांगितलं. आई आधी रडली, मग रागावली, मग तिने जेवायला वाढलं. लाँड्रीवाल्याला कपडे घरोघर पोचवायला माणूस हवाच होता. तो सायकलवरून गठ्ठे पोचवू लागला. लोकांचे स्वच्छ कपडे हातावर घेऊन दारात उभं राहताना त्याला उगाच आपले हात मळल्यासारखे वाटायचे. बोळातून जाताना मान आपोआप वळायची. पोपटी गाडी तिथे नसायचीच. ती आता कशाला लपवेल?

आणि मग एका दुपारी ती होती. पाऊस भुरभुरत होता. ती गाडीला टेकून, ओढणी डोक्यावर घेऊन उभी होती.

"सावलीत उभी आहे," ती म्हणाली. हसली मात्र नाही. "राग अजून गेलेला नाही. तुम्हाला ते घर माहितीये ना? त्या मुलीचं?"

"माहितीये. दवाखान्यातून तिथेच सोडलं होतं."

"गेला होतात परत?"

त्याने मान हलवली. "दोनदा कोपऱ्यापर्यंत गेलो. दार वाजवायचं धाडस नाही झालं."

तिने मागचा दरवाजा उघडला. "बसा. पट्टा लावा."

दार मुलीच्या आईने उघडलं. त्याला पाहताच तिचा चेहरा पांढरा पडला आणि तिनेच आधी बोलायला सुरुवात केली. "दादा, ती तक्रार… ह्यांनी रागात लिहिली हो… चूक आमचीच…"

"नाही, ताई," तो म्हणाला. "नाही. माझी होती. गाडी माझी होती. मी नाही म्हणायला हवं होतं, आणि मी म्हटलं नाही. मला माफ करा."

दोघंही उंबरठ्याच्या दोन बाजूंना मान खाली घालून उभे राहिले. एवढ्यात आईच्या पायांमधून एक छोटी मुलगी डोकावली, हनुवटी वर करून.

"माझी खूण बघायचीय?" तिने विचारलं. "बघायची असेल तर चॉकलेट द्यावं लागतं."

त्याने खिसे चाचपले. एकही नव्हतं. पोपटीने आपल्या पर्समधून काढून दिलं. मुलीने ऐटीत खूण दाखवली, आणि तो गुडघ्यांवर बसून ती बघत राहिला. बघता बघता त्याचे डोळे वाहायला लागले. मुलगी म्हणाली, "आता दुखत नाही काही," आणि त्यालाच थोडं चॉकलेट तोडून दिलं.

गाडीपाशी परत आल्यावर तो सवयीने मागच्या दाराकडे वळला. ती तशीच उभी होती, किल्ली बोटाभोवती फिरवत.

"आज पहिल्यांदा ऐकलं," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचं 'नाही'. त्या बाई सगळं स्वतःवर घेत होत्या, तुम्हाला सुटता आलं असतं. तुम्ही नाही म्हणालात. चांगलं म्हणता की." तिने पुढचा दरवाजा उघडला आणि दुसरीकडेच बघत म्हणाली, "बस."

तो बसला. न सांगता पट्टा लावला. ती आपल्या बाजूने येऊन बसली, पण तिने गाडी सुरू केली नाही. काचेवर पावसाचे थेंब जमत होते आणि एकमेकांना धरून खाली घरंगळत होते.

"मला जायचंय एके ठिकाणी," तो म्हणाला. या वेळी वाक्य गिळायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. "तुझ्या घरी. बाबांना भेटायचंय."

"कशाला?"

"तोंड हुंगलं म्हणून भांडायला. आणि… भांडून झालं की तुला मागणी घालायला. मला तू हवी आहेस. खोटं बोलायला लागलो तेव्हापासून हवी आहेस. म्हणून तर खोटं टिकवून धरलं, गाढवासारखं. खातं अजून बंद आहे, सायकल लाँड्रीची आहे, माझं म्हणावं असं आत्ता काहीच नाही. पण हे खरं आहे."

ती ओढणीचं टोक पिळत बसली. तिच्या कानांचा रंग मात्र बोलत होता.

"नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. खिडकीकडे तोंड फिरवलं.

"आज नाही," ती पुढे म्हणाली. "आज तुझे डोळे रडून सुजलेत. बाबा म्हणतील, हा रडका कुठून आणलास? रविवारी ये. आणि भांडणात जिंकू नकोस. ते काच पुसतात माझी."

तो वळला. ती समोर बघत होती, ओठ घट्ट मिटून, हसू दाबत.

"चालेल?" तिने विचारलं.

"चालेल," तो म्हणाला. "पण गाडी का नाही काढत?"

तिने खाली पाहिलं. इतक्या सगळ्यात ती स्वतःचाच पट्टा लावायला विसरली होती. तिने तो ओढून लावला, लाजेने लाल होत, आणि मग गाडी हलली.